केवळाबाईची बिनतिखटाची मिरची

केवळाबाईच्या पायाला भिंगरी होती. अहमदपूरच्या त्या गल्लीत तिला निवांत बसलेली कुणी पाहिली असेल, तर त्याने खुशाल पुढे यावं! पण त्या सकाळची तिची घालमेल वेगळीच होती. बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास चालू होता आणि विहारातले म्हातारे भंतेजी तिच्या घरी भोजनदानाला यायचे होते. भंतेजी जेवणार ते बाराच्या आत. त्यानंतर थेट दुसऱ्या दिवशी. मागच्या वर्षी तिच्या झणझणीत वांग्याच्या पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. दानात आलेल्या अन्नाला नावं ठेवायची नाहीत म्हणून ते काही बोलले नाहीत. नुसता दहीभात खाऊन उठले. बाईला ते वर्षभर सलत होतं.

म्हणून यंदा भरली शिमला मिरची. मिरची म्हणायची आणि तिखट नाही, हे तिच्या बुद्धीला पटतच नव्हतं.

"ही कसली मिरची गं? नुसती फुगून बसलीय!" ती सुनेवर, विशाखावर खेकसली.

"आत्या, कूट, बेसन अन् गुळाचा खडा. तिखट घालू नका बरं."

"न्हाई घालत, हाव!"

पण हात कुठं गप बसतात? तिने मिरच्या पोखरल्या आणि कारल्याला चोळतात तसं आतून मीठ चोळून ठेवलं. थोड्या वेळाने पाहते तर काय, मिरच्यांना पाणी सुटून त्यांनी माना टाकलेल्या. सारण भरायला गेली तर त्याचा चिखल झाला. तेवढ्यात भंतेजी विहारातून निघाल्याचा फोन आला. 

"चिरून टाका, आत्या!" विशाखा म्हणाली.

दोघींनी मिरच्या पिळून भराभर चिरल्या, फोडणीत टाकल्या आणि वरून कोरडं बेसन पेरून झाकण ठेवलं. केवळाबाई सारखी झाकण उचलून बघायची, विशाखा तिचा हात मागे ओढायची.

भंतेजी आले, वंदना झाली, वाढणं झालं. केवळाबाई दाराआडून त्यांच्या डोळ्यांकडेच बघत होती. एक घास गेला, दुसरा गेला, डोळे कोरडेच. विशाखा पुन्हा वाढायला वाकली तेव्हा त्यांनी पात्रावर हात आडवा धरला नाही. बाराच्या आत ते पोटभर जेवून उठले.

केवळाबाईला आनंद झाला, नाही कसा होणार? पण लगेच दुसराच भुंगा डोकं पोखरू लागला. भंतेजी निघून गेल्यावर तिने भांडी आवरणाऱ्या सुनेला गाठलं.

"खरं सांग. माझं जेवण तुला बी तिखट लागतं का?"

विशाखाने मान वर केली नाही. "लागतं, आत्या. पयल्या दिवसापासून."

"अन् तुझ्या मामांना?"

मामा म्हणजे केवळाबाईचा नवरा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"त्यांना तर लईच लागायचं. मला म्हणायचे, गप खा पोरी, ती लई हौसेनं करते."

केवळाबाईने ताट वाढून घेतलं खरं, पण न जेवता ते तसंच झाकून ठेवलं.