पेवातला वस्ताद

लोहाऱ्याचा पोस्टमन बब्रुवान बावीस वर्षं लाठी आणि दांडपट्टा शिकला होता, आणि एवढ्या विद्येचा लाभ आजवर फक्त कुत्र्यांना झाला होता. सकाळी थैला खांद्याला अडकवून तो वाड्यावस्त्यांवर निघाला, की हातातली लाठी पाहून कुत्री वाट सोडत. माणसं सोडत नसत. "आमचं काय हाय का?" म्हणून ती त्याला अडवत, आणि नाही म्हटलं की पत्र त्यानंच गिळल्यासारखी बघत. अशा वेळी एखाद्याला लाठीचा एक हात दाखवावा असं त्याला फार वाटे. पण उजव्या दंडावर काळ्या दोऱ्याचा गंडा होता, आणि गंडा आडवा येई.

तो गंडा पाशामियाँ वस्तादांनी बांधला होता. पाशामियाँ पोटासाठी कापूस पिंजत आणि हौसेसाठी तालीम चालवत. शिरनी वाटून, सगळ्या तालमीसमोर गंडा बांधताना त्यांची अट एकच असे. शिकलेला माणूस कुणाला दुखवणार नाही. दुखवलं, तर गंडा सोडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून, नव्या पोरांच्या रांगेत उभं राहायचं. तालमीतल्याच दगडोबानं बांधाच्या भांडणात चुलतभावाचं डोकं फोडलं तेव्हा वस्तादांनी त्याचा गंडा सोडायला लावला होता. दगडोबा त्यानंतर तालमीच्या गल्लीतून जाणंही टाळू लागला. बब्रुवानकडे जमीन नव्हती, पोस्टातली बढती नव्हती, सांगण्यासारखं घराणं नव्हतं. गंडा होता. आंघोळीलासुद्धा तो ओला होऊ नये म्हणून बब्रुवान दंड वर धरून अंगावर पाणी घेई, आणि त्याची बायको तारामती म्हणे, "मंगळसूत्राला म्या एवढं जपत न्हाय."

आता शिवलिंगअप्पा. बाजारात त्यांची धान्याची आडत होती, आणि गावातल्या विनोदाची आडतही त्यांच्याकडेच होती. माल कुणाचाही असो, खपवणार अप्पाच. गावात सगळ्यात जास्त टपाल त्यांनाच येई, त्यामुळं बब्रुवानला रोज त्या दुकानाची पायरी चढावी लागे.

"काय पोस्टमन," अप्पा म्हणत, "तुझ्या पेवातल्या वस्तादाची तब्येत कशी हाय?"

मग ऐकणाऱ्यात कुणी नवखा असो वा नसो, गोष्ट पहिल्यापासून सांगितली जाई. "पोलीस ॲक्शनला हिंदुस्थानची पलटण आली, तवा ह्येचा वस्ताद पट्टा टाकून भुईखालच्या ज्वारीच्या पेवात शिरला. तीन दिवस! आत उंदरांला लाठी शिकवली म्हणत्यात."

पोत्यांवर रेललेली मंडळी हसत. त्यातले निम्मे असे होते, की त्या साली ते स्वतः कुठं होते हे त्यांच्या बायकांनाही पक्कं ठाऊक नव्हतं. पण दहा-अकरा वर्षांत शौर्याला चांगलं व्याज चढतं. आता सगळेच त्या वेळी छाती काढून वेशीवर उभे होते. पेवात गेले ते एकटे पाशामियाँ.

बब्रुवान पत्रं ठेवून खाली मान घालून निघे. मग वाटेत तो बाभळींना अशी एकेक उत्तरं देई, की बाभळींच्या जागी अप्पा असते तर उभे वाळले असते. असं चार महिने चाललं. शेवटी त्याला राहवेना. आपल्या गुरूला कुणी भित्रा म्हणावं आणि आपण त्याला मनिऑर्डरीची पावती द्यावी, हे त्याला खरोखर लागत होतं. तो वस्तादांच्या घरी गेला.

वस्ताद कापूस पिंजत बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, पण कमानीची तार तशीच खणखणीत वाजत होती.

"वस्ताद, नुसता हुकूम द्या," बब्रुवान म्हणाला. "तुमच्याबद्दल असं खोटंनाटं बोलतोय. त्याला सगळ्यांम्होरं नाक घासायला लावतो."

वस्तादांनी कमान थांबवली. "खोटं कुठं हाय बेटा? व्हतो की पेवात. तीन दिवस. लई गरम असतं रे आत."

बब्रुवान मटकन खाली बसला. चार महिने तो ज्या गोष्टीसाठी रक्त आटवत होता, ती खरी निघाली होती. "पण वस्ताद, पट्टा...?"

"पलटणीकडं बंदुका व्हत्या. पट्ट्यानं लिंबू कापतात."

वस्ताद पुन्हा कामाला लागले. पण आतून मदिनाबी तरातरा बाहेर आल्या. नवऱ्याच्या मोठ्या मनापायी त्यांनी आयुष्यभर सोसलं होतं आणि आता त्यांना त्याचा पुरता वीट आला होता.

"पेव कुणाचं व्हतं ते इचार की तुझ्या वस्तादाला!" त्या म्हणाल्या. "अप्पाचंच व्हतं. उगं न्हाय दिलं त्यानं. त्याच्या आदी दोन महिने निजामाचे रझाकार त्याला हुडकत व्हते, तवा ह्योच शिवलिंग ह्या कोपऱ्यात कापसाखाली पाच दिस पडला व्हता. रझाकार दारात आले आन ह्येला शिंक आली! ह्यांनी कमान हाणली जोरात, म्हणून ती शिंक दबली. न्हायतर आज कुठली आडत आन कुठली मस्करी?"

"बस कर गं," वस्ताद म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, पण मदिनाबी तशाच आत गेल्या. मग वस्तादांनी बब्रुवानकडे तोंड केलं. "त्यानं मला ठेवलं, म्या त्याला ठेवलं. फिटलं. ऐकलंस ते इथंच ऱ्हाऊ दे. भ्यालेल्या माणसाचं भ्या त्याला दाखवत फिरायचं न्हाय. जिभेनं दुखवलं तरी गंडा सुटतो, ध्यानात ठेव."

बब्रुवाननं ध्यानात ठेवलं. मोहरमपर्यंत.

मोहरमच्या दिवशी दुपारी सवाऱ्यांच्या पंजांपुढं तालमीचे खेळ होत. शेवटी पट्ट्यानं लिंबू कापायचं, आणि पहिलं लिंबू गावातल्या मानाच्या माणसाच्या तळहातावर ठेवायचं असा रिवाज. वस्तादांचे डोळे गेल्यापासून पट्टा बब्रुवानकडे आला होता. मान अर्थातच अप्पांचा होता. अप्पा नवा फेटा बांधून रिंगणात आले, हात पुढं केला आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पेवातल्या वस्तादाचा चेला हाय. बोटं शाबूत ऱ्हातील न्हवं?"

गाव हसलं. बाजेवर बसलेले वस्तादही हसले, आणि नेमकं तेच बब्रुवानला सोसलं नाही. तो लिंबू ठेवायला वाकला आणि अप्पांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "अप्पा, शिंकू नका. इथं कमान वाजवायला कुणी न्हाय."

अप्पांचा चेहरा उतरला. लिंबावरची नजर काढून त्यांनी एकदा बाजेवरच्या वस्तादांकडं पाहिलं. बब्रुवाननं पट्टा फिरवला. लिंबाची दोन शकलं झाली, हाताला ओरखडाही उठला नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणाला काही कळलं नव्हतं. अप्पा मात्र बराच वेळ हात तसाच पुढं धरून उभे होते.

बब्रुवान छाती फुगवून वस्तादांच्या पाया पडला. बाज रिंगणाला लागूनच होती. वस्तादांचे डोळे गेले होते, कान नव्हते.

"लिंबू झकास कापलंस," ते म्हणाले. "गंडा सोड."

"वस्ताद, कुणाला कळलं न्हाय!"

"त्याला कळलं की."

बब्रुवाननं गंड्याला हात घातला. बावीस वर्षांची गाठ बोटांनी सुटेना, तेव्हा त्यानं ती दातांनी सोडवली आणि गंडा वस्तादांच्या हातावर ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. दगडोबा तालमीत पुन्हा का आला नाही, हे त्याला आता समजलं.

पण दुसऱ्या दिवशी पहाटे बब्रुवान आला. छत्तीस वर्षांचा, मिशा असलेला सरकारी माणूस नव्या पोरांच्या रांगेत शेवटी उभा राहिला आणि पहिला पवित्रा गिरवू लागला. मग थैला घेऊन तो आडतीवर गेला. मंडळी पोत्यांवर जमली होती. अप्पांची नजर त्याच्या उघड्या दंडावर गेली. गंड्याच्या जागी कातडीवर फिकट वळ उरला होता.

"गंडा कुठं गेला?" अप्पांनी विचारलं.

"सोडला."

"का रं?"

"तुमाला दुखवलं म्हणून."

मंडळी अप्पांच्या विनोदाची वाट पाहत होती. अप्पांनी घसा खाकरला. "कुणी सोडाय लावला?"

"पेवातल्या वस्तादानं," बब्रुवान म्हणाला, आणि पत्रं त्यांच्यापुढं ठेवली.

त्या दिवशी आडतीवर कुणी हसलं नाही.