विमानाला लाल कार्ड

सुमनताई वाघमारे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायच्या. चहाचा ग्लास असो, लग्नाची पत्रिका असो, नाहीतर कुणाच्या बारशाचं चांदीचं वाळं असो. महाळुंग्याच्या आमच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं पत्र्याचे सुटे भाग तपासले होते. कडेला केसाएवढा काटा राहिला तरी त्यांचा अंगठा थांबायचा, आणि त्यांचा अंगठा थांबला की अख्खी लाइन थांबायची.

मी त्यांचा साहेब म्हणून रुजू झालो तेव्हा तिशीही गाठली नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका पुरवठादाराचा माल त्यांनी अडवला. बाहेर गाडी उभी, वरून फोनवर फोन. मी रुबाबात म्हणालो, "ताई, थोडंसंच आहे, चालेल." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, 'चालेल' हे माप कुठल्या गेजवर येतं? मला दाखवा, मी लगेच पास करते." चार माणसांसमोर माझं तोंड एवढंसं झालं. त्यांनी शांतपणे मालावर लाल कार्ड लावलं. लाल कार्ड म्हणजे आमच्याकडे नापास. त्याच्या मागच्या बाजूला पाच 'का' छापलेले असतात. चूक का झाली, त्याचं उत्तर लिहायचं, मग त्या उत्तराला परत का, असं पाच वेळा. तळाला एक रकाना असतो, 'काय बदललं'. बहुतेक पुरवठादार तिथे 'क्षमस्व, पुढे काळजी घेऊ' लिहून मोकळे व्हायचे. ताई ते खोडून कार्ड परत पाठवायच्या. "माफी ही सुधारणा नसते बाबा. काय बदललं ते लिही."

त्यांचे यजमान लवकर गेले. पिंपरीतल्या दोन खोल्यांत त्यांनी प्रज्ञाला एकटीनं वाढवलं. ही पोरगी शिकत शिकत थेट भुवनेश्वरला पोचली आणि तिथे डॉक्टरेट झाली. ताईंच्या वडिलांची सगळी हयात भट्टीसमोर गेली होती, आणि नात डॉक्टर! पदवीदानाचं पत्र ताईंनी अख्ख्या कॅन्टीनला वाचून दाखवलं आणि कधी नव्हे ते माझ्या टेबलापाशी येऊन दोन दिवसांची रजा मागितली.

नेमकं आदल्या दिवशी ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. मी म्हणालो, "ताई, ऑडिटला तुम्ही नसाल तर माझी वाट लागेल. एकच दिवस घ्या ना. सकाळच्या विमानानं निघालात तर दुपारी चारचा कार्यक्रम आरामात गाठाल." त्यांनी अर्जावरचे दोन दिवस खोडून एक लिहिला. मग म्हणाल्या, "बरं." ऑडिट झकास झालं. माझी पाठ थोपटली गेली. ताई दुसऱ्या दिवशी नवी मोरपंखी साडी नेसून आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर गेल्या.

विमान रद्द झालं.

खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं, हवामान खराब आहे, उद्या सकाळच्या विमानात जागा देतो. ताईंनी काचेबाहेर पाहिलं. फेब्रुवारीचं लख्ख ऊन. प्रज्ञाला फोन लावला, तर तिकडेही ऊन. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीचं भुवनेश्वरचंच विमान भरून निघालं. ताईंनी त्याची वेळ दाखवणाऱ्या फलकाचा फोटो घेतला, आकाशाचा घेतला, आणि परत खिडकीशी गेल्या. "बाळा, खराब हवामान कुठं आहे ते मला कागदावर लिहून दे." मुलगी बिचारी म्हणाली, "मॅडम, सिस्टीममध्ये हेच येतंय." ताई म्हणाल्या, "मग सिस्टीमनं सही करावी."

तरीही आशा सुटेना. कुठल्याही विमानात एखादी जागा मिळेल म्हणून त्या तिथेच बसून राहिल्या. चार वाजले. मोबाइलवर समारंभ सुरू झाला. प्रज्ञा मंचावर आली, वाकली, पदवी घेतली आणि उतरली. "आठ सेकंद होती वर," ताई नंतर सांगायच्या, "त्यातले तीन सेकंद चित्र अडकलं होतं." एवढंच सांगायच्या आणि कामाला लागायच्या. ते ऐकताना मी हातातल्या कागदांत डोकं खुपसायचो.

दुसऱ्या दिवशी ताई वेळेवर कामावर हजर. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक लाल कार्ड घेतलं आणि पुरवठादाराच्या जागी विमान कंपनीचं नाव लिहिलं. दोष: प्रवासी पोचला नाही. सांगितलेलं कारण: हवामान. पुरावा: फोटो दोन. कॅन्टीन खो खो हसलं. "ताई, आता विमानाच्या कडेवरून अंगठा फिरवणार का?" ताई म्हणाल्या, "हसा लेको. खराब हवामान म्हटलं की भरपाई द्यावी लागत नाही, नियम वाचलाय मी. म्हणून तो शब्द. माझ्या लेकीच्या दिवसावर खोटं कारण चिकटवून जातील, आणि मी पास करू?"

कंपनीचं उत्तर आलं: गैरसोयीबद्दल क्षमस्व. ताईंनी ते खोडून परत पाठवलं. मग एका फुकट प्रवासाचं कूपन आलं. तेही परत. मग भरपाई देऊ केली, पण सोबतच्या कागदावर कारण 'हवामान' आणि खाली ताईंच्या सहीची जागा. मी म्हणालो, "ताई, घ्या आणि सोडा आता." त्या भडकल्या. "पैसे चोख आहेत हो, कागद नापास आहे. अशा कागदावर मी इतक्या वर्षांत सही केली नाही, आता करू?"

प्रकरण ग्राहक आयोगात गेलं. ताईंनी वकील लावला नाही. दर तारखेला मी त्यांना गाडीतून पुण्याला न्यायचो. ताईंना वाटायचं साहेब मायाळू आहेत. निदान मला वाटायचं की त्यांना तसं वाटतं. एका तारखेला समोरच्या वकिलानं विचारलं, "एवढा महत्त्वाचा कार्यक्रम होता, तर तुम्ही आदल्या दिवशीच का नाही गेलात?"

माझी नजर फरशीवर खिळली. ताईंनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. "ते का, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "त्याचा कागद वेगळा निघेल, वेगळ्या नावानं. तुम्ही तुमच्या कागदाचं बोला. विमान का उडलं नाही?"

शेवटी आयोगानं त्या दिवसाच्या नोंदी मागवल्या आणि उत्तर बाहेर आलं. विमान दुसऱ्या मार्गावर वळवलं होतं, तिकडे प्रवासी जास्त होते. निकाल ताईंच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, आणि कंपनीच्या सहीशिक्क्याचं खऱ्या कारणाचं पत्रही. ताईंनी कॅन्टीनमध्ये ते पत्र उभ्यानं वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही. पत्राच्या कडेवरून अंगठा फिरवत त्या म्हणाल्या, "आता पास."

त्यानंतर काही महिन्यांनी ताई निवृत्त झाल्या. हार, नारळ, भाषणं, सगळं झालं. निघताना त्यांनी माझ्या हातात एक पाकीट ठेवलं. घरी जाऊन उघडलं, तर आत लाल कार्ड. वर माझं नाव.

दोष: आई पोचली नाही. का? आदल्या दिवशी निघाली नाही. का? रजा मिळाली नाही. का? ऑडिट होतं. का अडलं? तपासायला दुसरं कुणी नव्हतं. का नव्हतं? साहेबांनी कुणाला तयारच केलं नाही, ताई आहेत ना, चालेल. तळाचा रकाना कोरा होता. सोबत चिठ्ठी: 'शनिवारी न्यायला येते.'

दोन वर्षं त्या माझ्या गाडीत शेजारी बसून गेल्या होत्या आणि हे सगळं त्यांना पाठ होतं. रात्रभर मी त्या कार्डाकडे बघत राहिलो आणि शेवटी लिहिलं, 'ताई, मला माफ करा.' शनिवारी त्या आल्या, वाचलं, माझ्याच पेनानं खोडलं. "माफी केव्हाच दिली होती हो," त्या हळूच म्हणाल्या, "ती या रकान्यात नाही बसत." चहा पिऊन कार्ड तिथेच ठेवून गेल्या.

मला वर्ष लागलं. आता आमच्या लाइनवर प्रत्येक कामाला दोन-दोन माणसं शिकवून तयार आहेत. गेल्या आठवड्यात ताईंच्या जागेवरची रुपाली रजा मागायला आली. साताऱ्याला तिच्या भावाचं लग्न, आणि आदल्या दिवशी ऑडिट. तिनं घाबरत घाबरत एका दिवसाचा अर्ज पुढे केला. मी त्यावर दोन लिहिलं आणि सही केली.

"साहेब, मी एकच मागितला होता."

"आदल्या दिवशी जा," मी म्हणालो. ती गेल्यावर ड्रॉवरमधलं कार्ड काढलं, तळाचा रकाना भरला आणि ताईंना फोन लावला. "ताई, शनिवारी या. कार्ड तयार आहे."