हातचा अर्धा

इस्पितळात तिला सगळे काटाताई म्हणत. औषधखोलीतल्या काट्यापाशी तिची सव्वीस वर्षं गेली होती. मुलांच्या वॉर्डाची औषधं पातळ करायची, मापायची आणि सिरिंजमध्ये भरून पाठवायची, हे तिचं काम. तोंडाने फटकळ, पण हाताने अशी की तोळामासा इकडचा तिकडे व्हायचा नाही. निदान वॉर्डातल्या सिस्टर तसं सांगत.

मुलाचं वजन टाकलं की किती मिलिलिटर भरायचं ते कॉम्प्युटर सांगे. तो चाळीस ओळींचा प्रोग्रॅम औषधखोलीच्या जुन्या साहेबांनी लिहिला होता. त्याला एक खोड होती. भागाकार केला की टिंबापुढचं सगळं तो गाळून टाकी, ५.६ आले तरी पाचच दाखवी. साहेबांना ते ठाऊक होतं, पण दुरुस्तीला सवड कुणाला? त्यांनी नियम घालून दिला, की यंत्र सांगेल त्यावर अर्धा मिलिलिटर आपण घालायचा. शाळेतल्या बेरजेसारखा तो 'हातचा'. अगदी चिमुकलं बाळ असलं तर यंत्र शून्य दाखवी आणि काटाताई नुसता हातचा अर्धा भरे. पुढे साहेब वारले. हातचा का घालायचा ते त्यांच्याबरोबर गेलं आणि घालायची सवय तेवढी मागे राहिली.

मग एका सकाळी कॉम्प्युटरमधून धूर निघाला. नवा आला तो कोराच. ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला होता, ती भाषाच त्यात नव्हती. अडला हरी म्हणून ती कॉम्प्युटर विभागात गेली. त्यांनी न बघताच सांगितलं, "अर्ज द्या. तीन महिने लागतील." तोवर काय मुलांनी आजारी पडायचं थांबायचं? तीन दिवस ती वॉर्डातल्या डॉक्टरांकडून आकडे मागून आणत होती आणि बोलणी खात होती.

घरी लेक होती. बाप लहानपणीच गेलेला, घरात दोघीच. लेक नुकती एका कंपनीत प्रोग्रॅम लिहायला लागली होती, सहा महिने तात्पुरती. रविवारी आईने तिला गुपचूप औषधखोलीत नेलं.

"जुनी आवृत्ती आता कुठे मिळत नाही, आई. नवी टाकते," लेक म्हणाली. पुढे, पुढे, पुढे अशी बटणं दाबत तिने भाषा बसवली. एक काळी खिडकी उघडली. "कर बघू काहीतरी." काटाताईने एका बोटाने दोन अधिक दोन लिहिलं. खाली चार आले तशी ती लहान पोरीसारखी हसली.

साहेबांनी छापून ठेवलेल्या कागदावरून लेकीने जुना प्रोग्रॅम उतरवला, पण त्याच्या सहा ओळी नव्या भाषेला चालेनात. त्या लेकीने बदलल्या. आता आकडे टिंबासकट येऊ लागले, कारण नवी भाषा काही गाळत नव्हती.

"हे टिंबाचं लफडं नको गं. मला आपला पूर्ण आकडा दे, पहिल्यासारखा."

लेकीने एक ओळ घातली. जो पूर्ण आकडा जवळचा, तो दिसायचा. आई वर हातचा घालते हे तिला माहीत नव्हतं, आणि आईला ते सांगण्यासारखं वाटलं नाही. तासाभरात दोघी घरी आल्या.

अकरा दिवस सुरळीत गेले. मोठ्या मुलांचं अर्ध्या मिलिलिटरने काही बिघडत नव्हतं. बाराव्या दिवशी सव्वा किलोच्या एका बाळासाठी हृदयाचं औषध भरायचं होतं. खरा आकडा होता ०.६. पडद्यावर एक आला. असल्या बाळाला एरवी शून्य येतं. काटाताईचा हात थांबला. मग तिच्या मनात आलं, नवी भाषा आहे, आपल्यापेक्षा शहाणीच असणार. सवयीने तिने वर अर्धा घातला. अडीचपट औषध गेलं आणि संध्याकाळी बाळ गेलं.

चौकशी लागली. बाहेरच्या माणसाने इस्पितळाच्या यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम होता. लेकीचं नाव निघालं असतं तर तिची नोकरी तर जातीच, पुढेही तिला कुणी दारात उभं केलं नसतं.

"तू त्या रविवारी घरी झोपली होतीस," आई म्हणाली.

"आई, ती ओळ मी लिहिली. मी सांगते. चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला?"

"इथे संन्यासी कुणी नाही. औषध माझ्या हाताने भरलंय."

लेक रडली. पण खरं सांगायचं तर तिने फार विरोध केला नाही. चोवीस वर्षांची पोर, घाबरली होती.

भाषा आपणच बसवली, हे काटाताईचं म्हणणं समितीला मात्र पटेना. चौपन्न वर्षांची बाई कॉम्प्युटरची भाषा बसवते? "पुढच्या सोमवारी करून दाखवा," त्यांनी सांगितलं.

आठ दिवस लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर तालीम चालली. भाषा बसवायची, काढून टाकायची, पुन्हा बसवायची. "ती चौकट राहिली बघ. तिथे खूण नाही केलीस तर भाषा येते, पण यंत्राला सापडत नाही." काटाताई वहीत लिहून घेई. मग तिने वहीच फाडली. समितीपुढे वही उघडली असती तर सगळं उघडं पडलं असतं. त्या सहा ओळी आणि लेकीची ती एक ओळ तिने पाढ्यासारखी घोकली. तिसऱ्या दिवशी सगळं पहिल्या फटक्यात जमलं आणि ती खूश झाली. त्या खुशीची तिला इतकी लाज वाटली की ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

सोमवारी समितीत मुलांच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई, एक कारकून आणि बाहेरून बोलावलेला कॉम्प्युटरचा जाणकार, असे तिघे होते. काटाताईने भाषा बसवली. चौकटीत खूण केली. काळी खिडकी उघडली, ओळी बदलून दाखवल्या. कुठे अडली नाही.

"छान," जाणकार म्हणाला. "आता तीन भागिले पाच लिहा."

तिने लिहिलं. ०.६ आले.

"जुन्या भाषेत किती यायचे?"

"शून्य."

"आणि तुमच्या या ओळीने?"

तिने ओळ चालवली. पडद्यावर एक आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तिला आत्ता उमगलं होतं.

"ही ओळ लिहिणाऱ्याला एवढं कळतंच, की जिथे शून्य यायचं तिथे आता एक येणार. तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "विचार करून बोला, ताई. नकळत झालं असेल तर नोकरी जाईल, इतकंच. माहीत असून भरलं असेल, तर मला पोलिसांकडे पाठवावं लागेल."

नाही म्हटलं असतं, तर ओळ कुणाची, हा पुढचा प्रश्न होता.

"माहीत होतं," काटाताई म्हणाली. "पडद्यावर एक आला तेव्हा माझा हात थांबला होता. कुणाला तरी विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही."

तिच्या त्या दिवसाच्या जबानीत शेवटचं तेवढंच खरं होतं. कारकुनाने तेही जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

बाहेर बाकावर बाळाचे आईबाप बसले होते. त्यांची पाळी नंतर होती. ही कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिला भिंतीशी उभी बघून बाप उठला. "बसा, ताई," तो म्हणाला. ती बसली.

"तुमचंही मूल होतं का इथे?" बाळाच्या आईने विचारलं.

"नाही. तुमच्या बाळाचं औषध मी भरलं होतं."

बाई थोडी सरकली आणि मांडीवरची फाईल उचलून तिने दोघींच्या मध्ये ठेवली.