आमच्या घरचा मॉर्निंग ड्रेस

आमच्या सईच्या साखरपुड्याला घरातल्या यच्चयावत बायका गाऊन घालून उभ्या होत्या, आणि हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत असताना घेतला होता.

गाऊन म्हणजे तोच, जो तुमच्या मनात आला. गळ्यापासून घोट्यापर्यंत सरळ, सुती, फुलाफुलांचा. आमच्या जबलपुरात तो घालून बाई स्वयंपाक करते, दूध घेते, कपडे वाळत घालते. दारावर कोणी आलं की वरून ओढणी टाकते. ओढणी टाकली की अब्रू झाकली! मग ती विजय नगरच्या चौकापर्यंत भाजी आणायलाही जाऊ शकते.

तर सई माझी नात. नोकरीला इंग्लंडात गेली आणि तिथेच टॉम नावाच्या मुलाशी तिचं जमलं. माझा मुलगा आणि सून पुण्याला असतात, पण सईचा हट्ट, की साखरपुडा होईल तर जबलपूरला, आजीच्या घरी. डिसेंबरात टॉम आणि त्याचे आईवडील यायचे ठरले. सईने फोनवर मला एकच गोष्ट दहादा बजावली, "आजी, जेवणात मीठ कमी पडलं तरी चालेल. पण त्यांना आपल्यात परकं वाटायला नको."

"वाटूच देत नाही!" मी म्हटलं. (इथेच माझं तोंड कोणी धरायला हवं होतं.)

मग तिचा मेसेज आला. 'आजी, टॉमचे बाबा मॉर्निंग ड्रेसमध्ये येणार. आई गाऊनमध्ये. आपले कपडे तू ठरव.'

मीच काहून ठरवायचे? कारण आमच्या घराण्याचं कपडेखातं माझ्याकडे. शिवणाचा क्लास मी जन्मात केला नाही. ह्यांचा एक सदरा उसवून पाहिला आणि तसाच दुसरा शिवला. (त्याला तीन बाह्या झाल्या होत्या, पण तो वेगळा विषय.)

मी ह्यांना मेसेज वाचून दाखवला. हे अंगणात उन्हाला बसून चहा पीत होते.

"मॉर्निंग ड्रेस म्हणजे?"

"म्हणजे सकाळी घालायचा ड्रेस! मॉर्निंग म्हणजे सकाळ, एवढं तर कळते न?"

"मग मी आत्ता जे घालून बसलो, ते काय आहे?"

मी पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कोपरावर विरलेलं स्वेटर, मफलर आणि माकडटोपी.

"हाच!" मी म्हटलं. "फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून तुम्ही इंग्रजी फॅशन करून राहिले, आणि आम्हाला पत्ता नाही!"

"अच्छा. आणि विहीणबाई काय घालून येणार?"

"गाऊन."

ह्यांचा चहा मफलरवर सांडला.

शेजारच्या दुबे भाभी कुंपणावरून ऐकतच होत्या. "दीदी, सच में? सगाई में नाइटी?"

"अरे भाभी, चीज़ ही उन्हीं की है!" मी म्हटलं, आणि मग मला इतिहास सुचला. (मला इतिहास सुचतो. वाचलेला नाही.) इंग्रज इथे छावणी घालून राहिले. जाताना बंगले उचलून नेता येईनात ते ठीक, पण कपडेही इथेच टाकून गेले. काळा कोट वकिलांना दिला, टाय शाळेच्या पोरांना, आणि मे महिन्याच्या तापत्या लूमध्ये घालायला लाल कोट बँडवाल्यांना! मेमसाहेबांचा गाऊन आपण घेतला, झालर काढली, खिसा लावला, ओढणी टाकली. आता ती बिचारी आपल्या बापजाद्यांच्या साध्या पोशाखात येणार, आणि आपण जरीत लखलखणार? किती परकं वाटेल तिला!

भाभींच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बात तो सही है, दीदी. मेरे लिए भी एक सिल दो."

झालं! दहा दिवसांत मी अकरा गाऊन शिवले. समारंभ होता, म्हणून सगळे एका रंगाचे, वांगी रंगाचे, गळ्याला सोनेरी पट्टी. बारावा विहीणबाईंसाठी. पुरुषांना हुकूम सुटला, अंथरुणातून उठाल तसेच या. सईला आणि पुण्याला मात्र काही कळवलं नाही. सर्प्राइज!

शहपुऱ्याची माझी नणंद तर बसमधूनच गाऊन घालून आली. "वहिनी, सगळे मला जागा देऊन राहिले होते! एक भैया म्हणे, 'माताजी, कौन से अस्पताल उतरना है?'"

पाहुणे, मुलगा, सून, सई, सगळे विमानतळावरून हॉटेलात गेले आणि तयार होऊन बरोबर दहाला दारात. गाडीतून आधी एक चकाकता काळा बूट उतरला. मग करडी पँट, करडं जाकीट, मागे दोन लांब शेपट्या असलेला काळा कोट, आणि सगळ्यात वर उंच, काळी, चमचमती टोपी. हा म्हणे मॉर्निंग ड्रेस! मागून विहीण जोनबाई. जमिनीपर्यंत निळ्या रेशमाचा गाऊन, गळ्यात मोती, डोक्यावर पाखरू बसावं एवढीशी टोपी.

इकडे व्हरांड्यात आम्ही अकराजणी वांगी गाऊनमध्ये, डोक्यावर ओढण्या, हातात ओवाळायचं ताट. मागे माकडटोप्यांची रांग.

मुलगा धावतच आला. "आई! काय झालं? बाबा ठीक आहेत न?"

पैठणीतली सून हळूच म्हणाली, "आई, तुम्ही अजून तयार नाही झालात?"

"तयारच आहोत," मी म्हटलं. आवाज माझ्या पायातून आला.

जोनबाईंनी सईला इंग्रजीत काहीतरी विचारलं. सईने जोनबाईंकडे पाहिलं, मग अकरा गाऊनकडे, मग माझ्याकडे. मला वाटलं, गेली! पोरीची सासरची इज्जत माझ्या हातच्या शिलाईने गेली!

सईने माझा हात घट्ट धरला आणि ठणकावून म्हणाली, "इट्स अवर ट्रॅडिशन."

जोनबाईंनी छातीवर हात ठेवला. पुढे येऊन माझ्या गाऊनला अगदी देवाच्या वस्त्राला लावावा तसा हात लावला. तो हात घसरत खिशात गेला आणि बाई किंचाळली, "पॉकेट्स!"

म्हणे त्यांच्या भारी कपड्यांना खिसेच नसतात. एवढं राज्य केलं, आणि रुमाल ठेवायची सोय नाही! मी लगेच बारावा गाऊन काढला. पाच मिनिटांत जोनबाई वांगी गाऊन आणि ओढणीत बाहेर आल्या. व्याही एकटे पडले, तर ह्यांनी आपली माकडटोपी त्यांच्या डोक्यावर चढवली आणि त्यांची उंच टोपी स्वतः घातली. फोटोत शेपटीच्या कोटावर माकडटोपी आहे. सई आणि टॉमने अंगठ्याही त्याच गडबडीत घातल्या.

पाहुणे गेल्यावर सईला म्हटलं, "खोटं काहून बोललीस?"

"छोड़ो ना, आजी," ती म्हणाली. "परकं तुलाही वाटायला नको होतं."

आता जूनमध्ये तिकडे लग्न आहे. या वेळी चूक नको, म्हणून मी बनारसी शालू घेतला, फॉल लावला, घरात नेसून चालून पाहिलं. आणि काल पत्रिका आली. सोनेरी अक्षरं. खाली पोशाखाची सूचना होती, ती सईने फोनवर मराठीत सांगितली. म्हणजे हसू थांबल्यावर सांगितली. 'सर्व स्त्रियांनी कृपया पारंपरिक जबलपुरी गाऊन व ओढणीत यावे.'

जोनबाईंच्या मैत्रिणींसाठी चौदा गाऊन शिवायला घेतलेत. जन्मात पहिल्यांदा विमानात बसायचं, साहेबाच्या देशात जायचं, आणि भर लग्नात उभं राहायचं ते गाऊनमध्ये! शालूही बॅगेत टाकलाय. रात्री झोपताना नेसीन म्हणते.