गादीसमोरचा खांब

औरंगपुऱ्यातलं आमचं कापडाचं दुकान जुन्या दुमजली इमारतीत आहे. दगडी भिंती, सागवानी तुळया, खाली शहाबादी फरशी. वर आणखी एक मजला चढवायचा तर पायापासून आरसीसीचे खांब घ्यावे लागतील, असं इंजिनिअरनं सांगितलं. मी लगेच होकार दिला. अण्णा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "घ्या की. पण दुकान एक दिवसबी बंद राहणार नाय."

खांब सहा होते. पाचांबद्दल अण्णांनी हूं की चूं केलं नाही. सहावा बरोबर त्यांच्या गादीसमोर येत होता.

"हा नको," अण्णा म्हणाले.

"अहो, तो काढला तर वरचा मजला खाली येईल," मी म्हणालो.

"मग दोन हात सरकवा."

"त्यापेक्षा गादीच सरकवू ना."

हे मी बोलायला नको होतं. गादी आजोबांनी मांडलेली. गादी हलली की लक्ष्मी हलते, हे मला लहानपणापासून पाठ होतं. खरं कारण लक्ष्मी नव्हतं, रस्त्यापलीकडचे घड्याळवाले चाचा होते. रोज चार वाजता अण्णा बसल्या जागेवरून एक बोट वर करायचे. चाचा शेजारच्या हॉटेलात ओरडून दोन चहा सांगायचे, त्यातला एक इकडं यायचा. मग दोघं आपापल्या दुकानातून एकमेकांकडं बघत चहा प्यायचे. धंद्याच्या वेळेला जागा सोडायची नाही, हा दोघांचाही नेम. आयुष्यभराची दोस्ती, पण रस्ता कुणीच ओलांडला नव्हता.

मिस्त्रीनं संध्याकाळी फरशीवर चुन्याच्या फक्कीनं खुणा केल्या. सकाळी अण्णा नेहमीपेक्षा लवकर दुकानात गेले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी पोचेपर्यंत मजुरांनी फरशी उचकटून गुडघाभर खड्डा खणला होता, तोही ऐन दरवाजात. अण्णांनी सहाव्या खांबाची खूण पुसून दोन हात पलीकडं काढली होती.

इंजिनिअरनं कपाळावर हात मारला. "अण्णासाहेब, गिऱ्हाईक आत येणार कुठून?"

"ज्याला कापड पाहिजे तो येतो उडी मारून," अण्णा म्हणाले. एक बाई खरंच उडी मारून आली आणि अण्णांनी माझ्याकडं असं पाहिलं की बस. तरीही खड्डा बुजवला आणि खांब ठरल्या जागी उभा राहिला. दुकान मात्र चालूच होतं. काँक्रीट ओलं राहावं म्हणून खांबाला गोणपाट गुंडाळलं, तर एकानं त्याचाच भाव विचारला.

चार वाजता अण्णांनी सवयीनं बोट वर केलं. पुढ्यात खांब. चहा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अण्णांनी भांडण केलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गिऱ्हाइकांसमोर उगाच कापडाचं ठाण उलगडत बसलो.

तिसऱ्या दिवशी चाचा धापा टाकत आत आले. चष्मा कपाळावर, हातात कुणाचं तरी उघडं घड्याळ.

"सेठ! दो दिन से दिखे नहीं. मेरेकू लगा, चले गए!"

"कुठं जातो मी? पोरानं मधी भिंत घातली."

चाचांनी खांबावर थाप मारली. "मजबूत है," म्हणाले, आणि दोघं डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मी हसलो नाही. मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी चारच्या ठोक्याला अण्णा उठले, चपला घातल्या आणि मला म्हणाले, "बस इथं." धंद्याच्या वेळेला त्यांना गादीवरून उठताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. मी जपून गादीवर टेकलो. समोर नुसतं ओलं गोणपाट. पार कमरेत वाकून डावीकडं झुकलो, तेव्हा कुठं पलीकडं चाचांच्या बाकावर अण्णा दिसले.

मी बोट वर केलं. अण्णांनी मान डोलावली आणि शेजारच्या हॉटेलाकडं तोंड करून ओरडले, "एक चहा तिकडं, खांबाच्या मागं!"