यासीनभाईंचा बारा फुटी रॉड

भोरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. दारात एक बाकडं टाकलंय, त्यावर जो बसतो तो काहीतरी सांगूनच उठतो. तांब्याच्या तारेचे तुकडे मी संध्याकाळी झाडून काढतो, किस्से मात्र तसेच साठत जातात. यंदा साठले ते बहुतेक एकाच रॉडचे.

यासीनभाई टेम्पोवाले. उभा जन्म पुण्याला भाजी पोचवण्यात गेला. उन्हाळ्यात त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि टेम्पो सुटला. डॉक्टरांनी सांगितलं, रोज चाला. भाई एवढे चालायला लागले, की एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरनं एकदा त्यांना थांबवून विचारलं, "चाचा, तुमची गाडी नेमकी कुठली? मी बसवून देतो."

* * *

माणूस एका जागी बसावा म्हणून मी आणि पोपट त्यांना भाटघर धरणाच्या पाण्यावर मासे धरायला घेऊन गेलो. पोपट कामथडीचा शेतकरी, माझा जुना जोडीदार. भाईंच्या गळाला पहिल्याच दिवशी चांगला कटला लागला. आम्हीच जास्त खूश. भाईंनी तो पिशवीत टाकला आणि परत येरझाऱ्या सुरू.

"काय झालं भाई?"

"हे पाणी पण माझ्यासारखंच अडवून ठेवलंय," ते म्हणाले. "मला हलणारं पाणी पायजे."

म्हणजे समुद्र. आणि आमच्या आखूड काठ्या तिथं कामाच्या नाहीत. लाटांच्या पलीकडं गळाला बांधलेलं शिसं फेकायचं तर लांब रॉड हवा.

* * *

रॉड बघायला तिघं पुण्याला गेलो. पोपटचं म्हणणं सरळ होतं. समुद्र मोठा, तर रॉडबी सगळ्यात मोठा घ्यायचा. भाईंनी दुकानातला सगळ्यात लांब रॉड जोडायला लावला. जोडत जोडत त्याचं टोक दारातून रस्त्यावर गेलं. भाईंनी बुडाशी धरून हलवून बघितला आणि बाहेरून एक रिक्षावाला टोक हातात धरूनच आत आला. म्हणाला, "दुसरं टोक कुणाचंय?"

दुकानदार समजूतदार होता. त्यानं भाईंच्या शर्टाच्या वरच्या उघड्या बटणातून डोकावणारा टाक्यांचा व्रण बघितला आणि रॉड हळूच काढून घेतला. म्हणाला, "काका, समुद्राच्या मापाचा रॉड कुणाकडंच मिळत नाही. आधी तुम्ही किती वजन फेकू शकता ते बघा, मग या."

 परतीच्या वाटेवर खेड-शिवापूरपर्यंत भाईंची बोटं मांडीवर सारखी वाजत होती.

* * *

म्हणून पोपटनं वेळू तोडला, त्याला तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आणि शिसं बांधलं, आणि कापणी झालेल्या वावरात आम्ही माप काढायला उभे राहिलो. पहिली फेक बरी गेली. दुसरीला भाईंनी जोर लावला आणि वेळू टाकून खालीच बसले. तोंड पांढरं पडलं. पोपट पाणी आणायला पळाला. मला त्यांचा हात धरण्यापलीकडं काही सुचेना.

"छाती न्हाई, खांदा दुखला," पाण्याचा घोट घेऊन भाई म्हणाले. "घरी सांगू नका."

आम्ही सांगितलं नाही. पण पोपटच्या बायकोनं बांधावरून सगळं बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी भाईंच्या घरच्या, शमीमभाभी, दुकानात आल्या. मला वाटलं आता काही खरं नाही. त्या बाकड्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आणा तुमचा रॉड. फेकणार कोण तेवढं आधी ठरवा."

ठरलं. फेकणार मी, धरणार भाई. त्या हिशेबानं रॉड निवडला. बारा फुटी, तीन तुकड्यांचा, म्हणजे एसटीतही मावेल, फार ताठ नाही, मध्यम वजनाचं शिसं झेपणारा.

* * *

रॉड आला आणि पावसानं कोकणात उतरणारा वरंधा घाट बंद. भाई रोज सकाळी दुकानात येऊन रॉड जोडायचे, आढ्याला टेकवून उभा करायचे, आणि दुपारी परत तुकडे सुटे करायचे. बातम्यांत घाटाचं नाव आलं की उठून उभे राहायचे. एकदा पानशेतहून एक जण जळालेली मोटर घेऊन आला. रॉडकडं बघून म्हणाला, "जळमटं काढायला लई भारी केलंय."

"व्हय," भाई म्हणाले. "कोकणातली काढायचीत."

* * *

घाट उघडला तशी आम्ही खाली उतरलो. वाटेत रेंज जात-येत होती आणि रेंज आली की भाभींचा फोन होता. गोळ्या घेतल्या का, पाण्यात उतरू देऊ नका, वारा लागतोय का.

किनाऱ्यावर माझी पहिली फेक लाटेच्या अलीकडंच पडली, दुसरी पोपटच्या टोपीवरून गेली. तिसरी बरी पडली. रॉड वाळूत रोवलेल्या पाइपात उभा केला आणि बसलो. भाई बसले नाहीत. वाळूत त्यांच्या फेऱ्यांची वाट तयार झाली.

ऊन उतरलं तेव्हा टोक एकदा हललं. मग असं वाकलं की पोपट ओरडलाच. भाईंनी रॉड उचलला, बूड पोटाशी टेकवलं आणि पाय रोवून उभे राहिले. रीलवरून तंगूस सरसर सुटत होता. मी घ्यायला पुढं झालो, तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. कितीतरी महिन्यांनी तो माणूस एका जागी उभा होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. भाभी.

"कुठं आहेत ते? त्यांचा फोन का लागत नाही?"

खोटं बोलायला सुचलं नाही. म्हणालो, "भाभी, मासा लागलाय. मोठा आहे. सोडायला तयार नाहीत."

पलीकडं खुर्ची ओढल्याचा आवाज आला. 

मग त्या म्हणाल्या, "त्यांना सांगा, घाई करू नका. मी फोन ठेवत नाही."

मी फोन तसाच चालू ठेवला आणि भाईंच्या शर्टाच्या खिशात सरकवला.