गोठ्यातलं डेथ मेटल

बँड काढला की गाणी साठत जातात, असा आमचा भाबडा समज होता. सहा वर्षांत आमची गाणी झाली सात, आणि किस्से किती झाले ते मोजायचं आम्ही कधीच सोडून दिलं. चहाच्या गाड्यावर उभं राहिलं की कुणी "गाणं ऐकव" म्हणत नाही, "त्यो आरतीचा सांग की" म्हणतात! म्हटलं, एकदाचे सगळे एका जागी सांगून टाकावेत.

आधी माणसं सांगतो. माणसं तीनच. धनाजी आमचा ड्रमर. गाव गडमुडशिंगी, घरी सहा म्हशी आणि थोडा ऊस. मिलिंद सर बेस गिटार वाजवतात आणि गातात. गातात म्हणजे डेथ मेटल ह्या आमच्या कर्णकर्कश रॉक प्रकारात ज्याला गाणं म्हणतात ते करतात, पोटातून गुरगुरतात. एरवी ते शाळेत मराठी शिकवतात आणि वर्गात त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही पोचत नाही. तिसरा मी. गिटार वाजवतो, गाणी लिहितो आणि पोटासाठी पन्हाळ्याला सरकारी टेबलावर बसतो. बँडचं नाव 'राखुंडी'. प्रॅक्टिस धनाजीच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, कारण शहरात तीन ठिकाणी शेजाऱ्यांनी आमच्यापुढं हात जोडले होते.

आता मुख्य अडचण. धनाजी बत्तीस वर्षांचा झाला आणि त्याचं लग्न जमेना. मुलगा काय करतो हे कळलं की स्थळ परत जायचं. शेवटी त्याच्या आईनं, म्हणजे मावशींनी, निर्वाणीचं सांगितलं. "दिवाळीपातुर कुठं जमलं न्हाई, तर त्यो ढोलांचा पसारा भंगारात घालतो मी! मग बघू कोन बडवतंय."

मावशी बोलल्या की करतात. आणि दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवणारा दुसरा माणूस अख्ख्या कोल्हापुरात आमच्या माहितीत नाही. त्यामुळं धनाजीच्या लग्नाची जेवढी घाई मावशींना होती, त्याहून जास्त आम्हा दोघांना होती.

*

पुण्याहून एक मुलगा आमची मुलाखत घ्यायला आला होता. मेटलवर इंटरनेटवर लिहायचा. फार अभ्यासू. त्यानं विचारलं, "तुमची गाणी शेवटाकडं जाताना भयानक वेग घेतात. हा ॲप्रोच कसा डेव्हलप झाला?"

मी तयारीतच बसलो होतो. अस्वस्थता, कोंडमारा, पिढीचा आक्रोश असं करत चांगला रंगात आलो होतो. तेवढ्यात धनाजी म्हणाला, "साडेसहाला डेअरी बंद हुती की! धारा काढायच्या ऱ्हायलेल्या असत्यात."

खरं तेच होतं. आम्ही रविवारी प्रॅक्टिसला साडेचारला बसतो. पावणेसहाला शेजारून पहिली म्हैस ओरडली की धनाजीचे हात आपोआप पळायला लागतात, आणि त्याला गाठता गाठता आम्हीही पळतो. असंच बसलेलं गाणं मग स्टेजवरही तसंच पळतं.

मुलानं ते छापलं. 'कृषिजीवनातून आलेली निकड' असं काहीतरी लिहिलं होतं. सरांनी मावशींना सगळा लेख मोठ्यानं वाचून दाखवला. मावशींनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "समदं लिवलंय, म्हशीचं नाव न्हाई घातलं व्हय?"

*

आमचं पहिलं गाणं लिहायचं होतं तेव्हा सर म्हणाले, "मृत्यूवर लिही. पण अनुभवातलं लिही, उसनं नको."

मी आठ दिवस डोकं धरून बसलो. नरक मी बघितलेला नाही, भुतं कधी भेटली नाहीत. मृत्यूशी माझा संबंध येतो तो माझ्या टेबलावर, वारसांचे अर्ज येतात तेव्हा. मग तेच लिहिलं. गाण्याचं नाव 'वारसनोंद'. धृपद असं:

"मयत कोण? वारस किती?
साक्षांकित! साक्षांकित!
तीन प्रती! तीन प्रती!"

सरांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि हळूच म्हणाले, "हे नरकापेक्षा भयंकर आहे रे." मला आजवर मिळालेली ही सगळ्यात मोठी दाद.

एका कॉलेजच्या गॅदरिंगला ते गाणं पहिल्यांदा वाजवलं. समोरची पोरं केस उडवत, मुठी हलवत "साक्षांकित! साक्षांकित!" ओरडत होती. आयुष्यात त्या शब्दावर कुणी खूश झालेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्याच आठवड्यात टेबलापुढं एक लांब केसांचा पोरगा येऊन उभा राहिला. चुलते वारले होते, अर्ज द्यायचा होता. मी सवयीनं कागदपत्रांची यादी सांगायला तोंड उघडलं, तर त्यानं गठ्ठाच पुढं ठेवला.

"सर, गाण्यात सांगितल्यागत तीन प्रती आणल्यात!"

*

सरांनी गुरगुरण्याचा रियाज कुठं करायचा, हा बरेच दिवस प्रश्न होता. घरी पत्नी कान झाकून घ्यायच्या, शाळेत शक्यच नव्हतं. शेवटी त्यांनी हेल्मेटमध्ये सुरू केला. काच खाली घ्यायची आणि शाळेला जाता-येता गुरगुरायचं. आमच्याकडं हेल्मेट घालायला लोकांच्या जिवावर येतं. सर मात्र न चुकता घालतात, आणि शाळेत त्यांचं नाव नियम पाळणारे म्हणून घेतलं जातं!

एकदा सिग्नलला थांबले होते. चांगला खोल सूर लागला होता म्हणे. शेजारच्या बुलेटवाल्यानं दोनदा वळून त्यांच्या स्कूटरकडं बघितलं, मग वाकून इंजिनाला कान लावला आणि काचेवर टकटक केलं.

"पावणं, इंजिनचं काम निघालंय बगा. आजच्या आज गॅरेजला दावा, न्हाईतर सीज हुईल!"

*

मी एकदा सात मात्रांची रिफ बसवली. रिफ म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. बाकी सगळं चारात मोजायची सवय असलेला धनाजी सातला हमखास घसरायचा. दोन आठवडे गेले. शेवटी वैतागून तिघंही जेवायला गेलो, आणि मटणाच्या रश्श्याची वाट बघता बघता त्यालाच ते सापडलं. बोटं टेबलावर आपटत म्हणाला, "तां-ब-डा-पां-ढ-रा-द्या! सात झालं की!"

त्या दिवसापासून आमच्या बँडात आकडे बंद. सात असले की 'तांबडा पांढरा द्या' आणि नऊ असले की 'तांबडा पांढरा वाढ की'. धनाजी वाजवताना ओठातल्या ओठात पुटपुटतो.

बेंगळुरूला एका कार्यक्रमात तिथल्या बँडच्या ड्रमरनं हे पुटपुटणं बघितलं. मला बाजूला घेऊन मोठ्या आदरानं विचारलं, हा कुठला मंत्र? मी म्हटलं, आमच्या भागात पिढ्यान्पिढ्या चालत आलाय. मग काय, धनाजीनं त्याला मांडीवर हात आपटून तासभर शिकवलं. आता तो भला माणूस स्टेजवर डोळे मिटून 'तांबडा पांढरा वाढ की' म्हणतो, आणि नऊच्या नऊ मात्रा चोख वाजवतो.

घरचे कट्टर शाकाहारी आहेत त्याच्या!

*

आता तो आरतीचा. ह्यात थोडी चूक माझीही आहे. धनाजीचा बायोडाटा मी टाइप केला होता आणि त्यात 'छंद : वादन' एवढंच लिहिलं होतं. ड्रम, मेटल, राखुंडी, काहीच नाही. करवीर तालुक्यातलंच एक स्थळ आलं. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "वादन म्हंजे भजनी मंडळात वाजवता व्हय?" धनाजी मावशींकडं बघत म्हणाला, "व्हय."

आयुष्यातलं त्याचं पहिलं खोटं. गणपतीचे दिवस होते. त्यांनी लगेच त्याला गावच्या आरतीला बोलावलं आणि गळ्यात ढोलकी अडकवली. आम्ही दोघं मागं उभे. सर कानात म्हणाले, "सावकाश वाजव." पण पावणेसहा झाले होते.

पहिल्या कडव्याला लोक सांभाळून होते. दुसऱ्याला टाळकऱ्यांची बोटं टाळांत सापडायला लागली. तिसऱ्यापासून अख्खं गाव धापा टाकत धावत होतं. पाचही आरत्या संपल्या तेव्हा कापूर अजून पेटतच होता. प्रसाद यायचा होता. पुजाऱ्यांना पुढं काय करायचं ते सुचेना.

मुलीच्या आजोबांनी उपरण्यानं तोंड पुसलं, दम खाल्ला आणि म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. पन देवाला यवढी घाई न्हवती."

स्थळ गेलं. घरी येताना धनाजी एकदाच बोलला, "आता खोटं बोलायचं न्हाई." आम्हा दोघांना फार वाईट वाटलं, आणि हसूही आवरेना.

*

दिवाळी दोन आठवड्यांवर आली असताना हुपरीचं स्थळ आलं. घरातच चांदीचा कारखाना, पैंजणं करतात. मुलगी अश्विनी. घरातलं जोड लावायचं काम तिच्याकडं. एक पैंजण एका कानाशी हलवायचं, दुसरं दुसऱ्या कानाशी, आणि आवाजात जरा फरक वाटला की जोड परत कारागिराकडं. तिनं परत केलेला जोड तिचे वडीलही बाहेर पाठवत नाहीत, असं मध्यस्थ कौतुकानं सांगत होता.

रविवारी दुपारी ती माणसं घर बघायला गडमुडशिंगीला आली. वडील, मामा आणि स्वतः मुलगी. मावशींनी सकाळीच सगळे ड्रम ताडपत्रीनं झाकून वर कडबा रचला होता. आम्ही दोघं 'मित्र' म्हणून हजर. "त्वांड उघडायचं न्हाई," अशी ताकीद होती.

चहापाणी झालं. वडिलांनी गोठा बघितला, म्हशींच्या पाठीवरून हात फिरवला, खूश झाले. मग शेडमध्ये आले. कडब्यातून एक झांज चकाकत बाहेर आली होती. चांदीवाल्या माणसाची नजर ती! त्यांनी पेंढ्या बाजूला केल्या, ताडपत्री ओढली.

"ह्ये काय हाय?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. धनाजीनं एकदा आमच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ड्रम हाईत. मी वाजवतो. लगीन झालं तरी वाजवनार." त्या क्षणी मला त्याचा अभिमानही वाटला, आणि बँड संपला हेही कळलं.

वडील म्हणाले, "वाजवून दावा की मग."

धनाजीला एकच पद्धत माहीत. बसला आणि 'वारसनोंद' पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवली. गिटार नाही, गाणं नाही, नुसते ड्रम. दोन पायांखाली दोन पेडल, त्यांचा सलग गडगडाट. वरचे पत्रे थरथरत होते, कडब्याची धूळ उठली होती. मामा केव्हाच बाहेर जाऊन उभे राहिले होते.

थांबला. वडिलांनी टोपी नीट केली, आमच्या कुणाकडंच न बघता म्हणाले, "बरं हाय. निघतो आमी." मावशी उंबऱ्यातच खाली बसल्या. वडील दारापर्यंत गेले आणि मागं वळले, कारण मुलगी जागची हललीच नव्हती. ती ड्रमपासून दोन हातांवर उभी होती, मान जराशी कलती करून.

"उजवा पाय बराबर हाय तुमचा," ती धनाजीला म्हणाली. "डावा मागं ऱ्हातोय. परत वाजवा की, मी ऐकतो."